ओला लाल, कोरडा लाल

कौतिकबाईंनी खाकी लखोटा माझ्या टेबलावर ठेवला आणि हात लगेच मागे घेतला. लखोट्यावर पोलीस ठाण्याचा शिक्का होता. तोंड आधीच फाडलेलं होतं.

"उघडा, ताई," त्या म्हणाल्या. "बाकी काई इचारू नका. एवढंच सांगा, ह्ये शालनचं हाये का विमलचं?"

आत तळहाताएवढा रेशमाचा तुकडा होता. लाल. चारही बाजूंनी कात्रीने सरळ कापलेला, मध्ये एक सुरकुती तशीच वाळून बसलेली.

त्यांच्या मागे आमच्या पैठणीच्या कारखान्याचे मालक मुरलीशेठ उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मुरलीशेठ देवळातसुद्धा टोपी काढत नसत.

"इंदू सांगेल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "लाल रंगात इंदूचा डोळा चुकत नाही. सगळ्या येवल्याला ठाऊक आहे."

हे वाक्य ते बोलले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी कित्येक वर्षं केला. बहुतेक वेगळं काही झालं नसतं. माणसाला आपला भित्रेपणा ठेवायला दुसऱ्याची फळी लागते, इतकंच.

शालन आणि विमल या कौतिकबाईंच्या मुली. थोरली शालन बावीसची, धाकटी विमल वीसची. त्याच वर्षीच्या वैशाखात दोघींची लग्नं एका मांडवात झाली होती आणि दोघींच्या पैठण्या आमच्याकडे विणल्या होत्या. रंग मी निवडले होते. ते माझंच काम होतं. कारखान्यात मागावर बसणारे चौदा जण, पण कुठल्या साडीला कुठला रंग, तो किती गडद, कुठल्या काठाशी कसा बसेल, हे मी ठरवायचे. एकोणतिसाव्या वर्षी मला त्याचा गर्वही होता. खोटं कशाला बोलू, चांगला मुठीएवढा होता.

मार्गशीर्षात कौतिकबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन्ही मुली बरोबर होत्या. धरणाच्या फुगवट्याकाठचं त्यांचं गाव. नवरा सात वर्षांमागे गेलेला, बाई गावात पिठाची गिरणी चालवायच्या. स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या, तरी भुवयांत पीठ होतंच.

"दोन पैठन्या पाह्यजेत," त्यांनी सांगितलं. "दोन्ही लाल. पन लाल एक नको."

"म्हणजे एक लाल, एक डाळिंबी?"

"न्हाई न्हाई. डाळिंबी दिली तर ती म्हनंल, तिला खरा लाल आन् मला नकली. दोन्ही खरे लाल पाह्यजेत. पन आमच्यात एका मांडवात दोन नवऱ्या सारख्या रंगात उभ्या करत न्हाईत. एकीचं दुसरीला लागतं म्हन्त्यात."

"आई, अगं त्यांना वेड लागंल," विमल म्हणाली आणि हसत सुटली. तिला हसायला काहीही पुरायचं. माझ्या टेबलावरच्या लड्या बघूनसुद्धा ती हसली होती, म्हणाली, यातले निम्मे तर एकच हायेत.

"एकच नाहीत," मी जरा ठसक्यात म्हटलं.

शालन तोवर काही बोलली नव्हती. तिने दोन लड्या उचलल्या, एकमेकींजवळ धरल्या, मग खिडकीकडे वळून पुन्हा धरल्या. "ही जरा निळ्याकडं जाती," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. हे दिसायला मला तीन वर्षं लागली होती.

मला शिकवलं ते याकूबचाचांनी. आमचे रंगारी. त्यांच्या हाताची नखं कुठल्याही दिवशी कुठल्या तरी रंगाची असायची. लाल निवडायचा तर सकाळी अकराच्या आत, उत्तरेच्या खिडकीपाशी, हा त्यांचा कायदा. रेशमाच्या लड्या एकाच अंगाने मांडायच्या, कारण रेशीम एका बाजूने उजळ दिसतं आणि उलटं धरलं की काळवंडतं. एका वेळी तीनच्या वर लाल बघायचे नाहीत. प्रत्येक लालानंतर राखी रंगाच्या फडक्याकडे बघायचं, पंचवीस अंक मोजून मगच पुढचा.

"लाल रंग डोळ्याला खातो, बेटी," चाचा म्हणायचे. "चौथ्या लालापासून तो जे सांगेल ते तुला खरं वाटायला लागतं."

कौतिकबाईंच्या कामाला मी आणि चाचा तीन आठवडे बसलो. अकरा लाल करून टाकून दिले. शेवटी दोन उरले. दोन्ही कुंकवाचेच, पण एक करंड्यातल्या कोरड्या कुंकवाचा आणि एक बोट ओलं करून कपाळावर टेकवलेल्या कुंकवाचा. कोरड्यात चाचांनी चिमूटभर पिवळा टाकला होता, ओल्यात नखभर निळा. शेजारीशेजारी ठेवले तर उत्तरेच्या उजेडात फरक कळायचा, तोही सांगितल्यावर. वेगवेगळे बघितले तर जगात कुणाला कळला नसता. आणि ट्यूबलाइटखाली ठेवले की दोन्ही जुळे. तिथे मलाही ओळखता येत नव्हते, चाचांनाही नाही.

"याहून जवळ आणता येणार नाही," चाचा म्हणाले. "याच्यापुढे एकच होतील."

मी खूश होते. मी वहीत लिहून ठेवलं, ओला थोरलीला, कोरडा धाकटीला. ओला जरा गंभीर, कोरडा जरा हसरा. मुलीही तशाच होत्या.

लग्नाचं आमंत्रण आलं. मी गेले नाही. कामं होती, असं सगळ्यांना सांगितलं.

मग आश्विन. नवरात्र. दोघी नव्या नवऱ्या पहिल्या वर्षी फुगवट्यापलीकडच्या देवीला ओटी भरायला गेल्या, लग्नातल्याच पैठण्या नेसून. कौतिकबाईंना गिरणी सोडता आली नव्हती. येताना वारा सुटला आणि होडी उलटली. होडीत नऊ जणं होती. सात जणं काठाला लागली किंवा काढली गेली. दोघी बहिणी नाहीत.

बाराव्या दिवशी खूप खाली, दुसऱ्या तालुक्यात, कोळ्यांच्या जाळ्यात एक देह आला. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डोरली दोघींची एकाच सोनाराची, एकाच वजनाची. जोडवी तशीच. उंचीही अर्ध्या बोटाच्या फरकाची. तिथल्या पोलिसांनी दहन करून टाकलं आणि साडीचा तुकडा कापून ठेवला. कौतिकबाईंपर्यंत निरोप पोचला तेव्हा राखही गोळा झालेली होती. दुसरी सापडलीच नाही.

त्या लखोटा घेऊन आधी जावयांकडे गेल्या, मग व्याह्यांकडे, मग मांडवात जेवलेल्या प्रत्येक बाईकडे. लाल होती, एवढंच सगळ्या सांगत. लग्नातले फोटो काढून बघितले. फोटोत दोघींच्या साड्या सारख्याच विटकरी आल्या होत्या.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. रंग ज्या बाईने निवडले तिला तरी कळेल, या हिशेबाने. चूक काहीच नव्हतं त्यात.

मी तुकडा घेऊन खिडकीशी गेले. सकाळचे दहा वाजले होते, आभाळ निरभ्र होतं, त्याहून चांगला उजेड मिळाला नसता. तुकडा राखी फडक्यावर ठेवला. शेजारी जपून ठेवलेल्या दोन्ही लड्या ठेवल्या. पाण्याने रंग थोडा ओढला होता, पण पाणी रंग फिका करतं, त्याची जात बदलत नाही. मी पंचवीस मोजले. पुन्हा बघितलं. पुन्हा पंचवीस मोजले.

कोरडा.

तिळमात्र शंका नव्हती. आजही नाही. तो कोरड्या लालाचा तुकडा होता.

माझी पाठ खोलीकडे होती ते बरं झालं. कारण त्याच क्षणी मला वैशाखातली ती दुपार आठवली.

पैठण्या न्यायला कौतिकबाई आल्या होत्या तेव्हा अवकाळी पावसाचं आभाळ भरून आलं होतं. धूळ उडत होती, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि ट्यूबलाइट लावले होते. घाई होती, बाहेर जीप थांबली होती. अदलाबदल नको म्हणून मी ओल्या लालाच्या पदराला आदल्या दिवशीच एक पांढरा दोरा बांधून ठेवला होता. आमच्याकडची रीत अशी की लग्नाची साडी हातात देण्याआधी पाटावर ठेवायची, मालकाने हळदकुंकू वाहायचं, सुपारी ठेवायची. मी खोकी आणायला आत गेले. परत आले तर दोन्ही पैठण्या पाटावर शेजारीशेजारी, कुंकू लावलेल्या. दोरा नव्हता.

"लग्नाच्या साडीला पांढरा दोरा बांधतात होय?" मुरलीशेठ माझ्यावर डाफरले. "अक्कल कुठं गहाण ठेवलीस? तोडून टाकला मी. आधी वर-खाली होत्या, त्या शेजारी मांडल्या. आता दे बांधून."

"कोणत्या साडीचा तोडला?"

"मला काय माहीत? दोन्ही सारख्याच तर आहेत."

मी दोन्हींवर वाकून बघितलं. सगळ्या बाजूंनी. काठपदर दोन्हींचे एकच, आणि त्या पांढऱ्या उजेडात त्या जुळ्या होत्या, माझ्याच हाताने जुळ्या केलेल्या. अंदाजाने बोट ठेवावं एवढाही फरक नव्हता.

"यातली थोरलीची कोन्ची, ताई?" कौतिकबाईंनी विचारलं.

सकाळपर्यंत थांबा, खिडकी उघडून बघून देते, असं म्हणायला काय लागत होतं? एक वाक्य. पण मुरलीशेठ बघत होते, मागावरचे दोघे बघत होते, आणि ज्या फरकासाठी तीन आठवडे मी साऱ्यांचं डोकं खाल्लं होतं तो मलाच दिसत नाहीये हे सांगायची मला लाज वाटली. आणि खरं तर त्यात बिघडणार तरी काय होतं? ओला थोरलीने नेसला काय न् धाकटीने काय. मी डावीकडच्या साडीवर हात ठेवला.

"ही," मी म्हटलं.

म्हणून मी लग्नाला गेले नाही. मांडवात दिवसाच्या उजेडात माझी चूक मला दिसली असती. मला ती बघायची नव्हती. गेले असते तर निदान कळलं तरी असतं.

आता खिडकीशी उभी राहून मी फक्त एवढंच सांगू शकत होते की हा कोरडा लाल आहे. तो कुणाच्या अंगावर होता हे मला माहीत नव्हतं. नाणं उडवून पुढे दिलेलं होतं मी, आणि ते कुठल्या बाजूने पडलं ते कधी बघितलं नव्हतं.

"ताई?" मागून कौतिकबाईंचा आवाज आला.

 मुरलीशेठना तो दोरा आठवतही नव्हता. पुढे मरेपर्यंत आठवला नाही.

मी वळले. वहीत जे लिहिलं होतं ते मला तोंडपाठ होतं. मी ते वाचून दाखवावं तसं म्हटलं, "धाकटीचं."

"नक्की?"

"नक्की."

कौतिकबाईंनी टेबलावरून तुकडा उचलला आणि गालाला लावला. "विमे," त्या म्हणाल्या. "विमे, माह्या हसरे." मग त्या खाली बसल्या आणि रडल्या. मुरलीशेठ दाराबाहेर गेले. मी तिथेच उभी होते. वाटलं, झालं, निदान एकीसाठी तरी मोकळं रडता आलं यांना. आपण फार वाईट केलं नाही.

आणि मग त्या रडायच्या थांबल्या. एकदम. पदराने तोंड पुसून त्यांनी वर बघितलं, आणि ती नजर माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

"म्हंजे शालन घावली न्हाई."

"कौतिकबाई..."

"घावली न्हाई म्हंजे भायेर पडली आसंल. माह्या थोरलीला पोहता येत व्हतं, ताई. धाकटीला न्हाई. थोरलीला यायचं. लहानपनी बाप शिकवून गेला व्हता तिला."

हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

विमलचं दहावं झालं, तेरावं झालं. तिचा फोटो हार घालून भिंतीवर लागला. शालनचं काहीच करायचं नाही, असं कौतिकबाईंनी भावकीला ठणकावून सांगितलं. जित्या पोरीचं कोन करतं, म्हणाल्या. शालनच्या नवऱ्याने दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं तेव्हा त्या जावयाच्या दारात जाऊन म्हणाल्या, तू कर बाबा, पण ती आल्यावर तिला तूच सांग.

होडी उलटल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात, नागपंचमीला आठ दिवस असताना, त्या कारखान्यात आल्या.

"पंचिमीला लेकी माह्येरी येत्यात," त्या म्हणाल्या. "आली तर घालायला नवं पाह्यजे. पैठनी न्हाई, साधीच द्या. पन रंग तुम्ही काढा. शालनला लागलंय तेविसावं."

मी काढला. नाही कशी म्हणणार?

त्यानंतर दर श्रावणात त्या यायच्या. शालनला पंचविसावं. शालनला तिसावं. "आता कोन्ता लाल शोभंल, ताई? आता पोरी नेसत्यात तसा नको. कुनी वाट दावली आसंल तर संसार आसंल तिचा. दोन लेकरं आसतील." मग मी तिशीच्या बाईला शोभेल असा लाल काढायचे. जरा खाली उतरलेला, झळाळी कमी केलेला. पस्तिशीला तो पिकल्या मिरचीकडे गेला. चाळिशीला वाळल्या मिरचीकडे. शालनला मी एकदाच बघितलं होतं, पण तिचं वय वाढवण्याचं काम माझ्याकडे होतं. कधीकधी वाट चालताना लाल साडीतली कुणी बाई पाठमोरी दिसली की माझ्या मनात हिशेब चालायचा, हा अडतीसचा आहे, हा जरा लवकर नेसलाय. मग मी वाट बदलायचे.

त्या साड्या कौतिकबाईंनी ट्रंकेत ठेवल्या. रात्री त्या घराची कडी लावत नसत, असं त्यांच्या गावाहून येणारे सांगायचे. कुणी म्हटलं, जालन्याला स्टेशनवर एक भ्रमिष्ट बाई आहे, की त्या जालन्याला. कुणी म्हटलं, पंढरीला एकीला पाण्यातून काढली होती म्हणे, की तिकडे. दर वेळी रित्या हाताने परत. दर वेळी मला येऊन सांगायच्या, जणू मी त्या शोधातली भागीदार होते. होतेच की.

सांगून टाकावं असं मला दर श्रावणात वाटायचं. आणि दर श्रावणात त्या आधी विचारायच्या, "तुम्ही नक्की बघितलं व्हतं न, ताई?" आणि मी म्हणायचे, "तुकडा बघितला होता ना." म्हणजे खोटं नाही आणि खरंही नाही. अशी वाक्यं रचण्यात मी पटाईत झाले.

एकोणिसाव्या वर्षी त्या आल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. गुडघे गेले होते. मुरलीशेठ जाऊन चार वर्षं झाली होती, चाचा त्याच्याही आधी. कारखान्यात जुनी अशी मीच. कौतिकबाई भिंतीला धरून आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "सुरतंला एक बाई हाये. कापडाच्या मिलमधी. शालन नाव, आन् बोली आपल्याकडची. कुनाशी बोलत न्हाई म्हने फार. माही शालन बी बोलत न्हवती."

"कोण नेणार तुम्हाला?"

"कोन कशाला पाह्यजे? पंचिमी झाली की जाती. वळख पटवायला साडी नेती. एक्केचाळिसाव्याचा काढा."

मी काढला. विटेच्या जवळचा, शांत लाल. त्यांनी तो हातात घेतला आणि समाधानाने मान हलवली. आणि मला त्या सुरतेच्या फलाटावर दिसल्या, गुडघे धरून बसलेल्या, मांडीवर ती साडी. एका पांढऱ्या दोऱ्यापायी. माझ्या एका थापेपायी.

"कौतिकबाई, सुरतेला जाऊ नका."

"का?"

मी दार लोटलं आणि सांगितलं. सगळं. अवकाळीची दुपार, ट्यूबलाइट, मुरलीशेठनी तोडलेला दोरा, मी डावीकडच्या साडीवर ठेवलेला हात. सांगताना माझा आवाज इतका शांत होता की माझं मलाच नवल वाटलं. एकोणीस वर्षं मनात घोकलेलं होतं ना.

"तुकडा कोरड्या लालाचाच होता," मी म्हटलं. "तेवढं खरं. पण कोरडा कुणाच्या अंगावर होता ते मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं. मी वहीतलं सांगितलं."

कौतिकबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या शिव्या देतील, तळतळाट करतील, माझ्या तोंडात मारतील, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. खरं तर मला ते हवं होतं.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "घावली ती शालन आसंल."

"असेल."

"माही शालन."

"असेल, कौतिकबाई. सांगता येत नाही. पण असेल."

त्या रडतील आणि मग सुटतील, असं मला वाटलं. घरी जाऊन एकदाची दाराला कडी लावतील. त्यांच्यासाठी वाटलं असं मी आजवर म्हणत आले. पण सुटका मला माझी हवी होती.

त्या रडल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी आठवत असल्यासारखे.

"दहाव्याला कावळा शिवला न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"विमलच्या. नदीवर पिंड ठिवला. सकाळपासनं कावळे बसल्याले, पन एक शिवंना. दुपार झाली. समदे म्हनले, काई विच्छा ऱ्हायली तिची. मग मी हात जोडले. म्हनले, विमे, जा आता बाई. माह्यात जीव गुतवू नको. मी शालनकडं बघते, तू जा." त्यांनी माझा हात धरला. पकड अजून गिरणीवाल्या बाईची होती. "जित्या पोरीला जा म्हनले का मी, ताई?"

"नाही. तसं नाही. असा विचार करू नका. एकोणीस वर्षं झाली, कौतिकबाई. दोघीही आता..."

"तुम्हाला म्हाईत हाये का?"

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"म्हाईत हाये का तुम्हाला?"

"नाही."

"मग बोलू नका."

त्यांनी हात सोडला. शालनची साडी घडी मोडू न देता बाजूला ठेवली. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. माझ्यावर रागावायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. त्या साड्यांच्या कपाटाकडे बघत होत्या.

"तिचा फोटू लावला मी," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे. "तिला वीस वर्साचीच ठिवली. तिचं वय मी कंदी मोजलंच न्हाई." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या, काम सांगण्याच्या आवाजात म्हणाल्या, "काढा. विमलला काढा."

मी उठले.  हाताला सवय होती म्हणून हात आपोआप खालच्या खणाकडे गेला, जिथे चाळिशीचे लाल असायचे.

"तितलं न्हाई," कौतिकबाई म्हणाल्या. "पयल्यापासनं. एकविसाव्यापासनं काढा, ताई. एक बी साडी घेतली न्हाई मी तिला. समदी ऱ्हायलीत."

मी वरचा खण उघडला. विमलचं हसणं आठवून त्यातला सगळ्यात उजळ लाल काढला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला, घडीवरून हात फिरवला आणि वर बघितलं.

"बावीस," त्या म्हणाल्या.